ताईची खीर कोणी बंद केली?

ताई गेल्याचा भावजींचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या घरी भाजी निवडत होते. नोएडाला पोहोचेपर्यंत नुसती सुन्न होते. राग आला तो शोकसभेत. कुणीतरी म्हणालं, "फार काटकसरी बाई. स्वतःवर कधी खर्च केला नाही." भावजींनी मान डोलावली आणि माझं डोकंच फिरलं. काटकसरी? करोल बागेत चाट खाल्ल्याशिवाय घरी न परतणारी आमची ताई?

ताई तरुण होती तेव्हा नोएडात नवे फ्लॅट उठत होते, नव्या कंपन्या येत होत्या. अशाच एका कंपनीत ताईला नोकरी लागली, हप्त्यांवर फ्लॅट झाला. मुलगा झाला तेव्हा कंपनीने जेमतेम रजा दिली, म्हणून बाळासाठी पावडरच्या दुधाचा डबा आला. ताईच्या सासूबाई तो बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून! इकडे ताई ऑफिसच्या बाथरूममध्ये दूध पिळून बेसिनमध्ये टाकायची... घरचं दूध नालीत आणि विकतचं शोकेसमध्ये! डबे, बाटल्या, रबरी बुचं, उकळायला गॅस. खर्च वाढला, आणि कात्री लागली ती ताईच्या ताटाला.

एका रविवारी गेले तर तिची अळिवाची खीर बंद झालेली. सासूबाई सहज म्हणाल्या, "आता अंगावर पाजत नाही ना ती? मग खीर कशाला?"

भावजी पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बिल्कुल. डबा काय स्वस्तात येतो, यार?"

म्हणजे खीर दुधासाठी होती, बाळंतपणाने खंगलेल्या बाईसाठी नव्हतीच! ताई बाटल्या उकळत राहिली.

पुढे मात्र सोसायटीत कोणीही बाळंत झालं, पंजाबी असो की बंगाली, की ताई डिंकाचे लाडू घेऊन हजर. बाळ अंगावर पितं की बाटलीने, हे तिने कधी विचारलं नाही. "पहले तुम खाओ," म्हणायची आणि लाडू संपेपर्यंत समोरून हलायची नाही.

तेरावं उलटल्यावर तिचं स्वयंपाकघर आवरताना वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीसाठी वळलेले लाडू सापडले. भावजींनी सवयीने हात पुढे केला. "हे तुमच्यासाठी नाहीत," म्हणत मी झाकण लावलं आणि जिना चढले. वरच्या पोरसवद्या आईने लाडू घेतला आणि तोंडाशी न नेता शेजारी बसलेल्या सासूपुढे धरला...

"नहीं! तुम खाओ," मी जवळजवळ ओरडलेच. तिने दचकून घास घेतला. लाडू संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.