बारावी खिडकी

माझ्या यादीत दहा रकाने आहेत: मासिकाचे नाव, महिना, प्रती, मुखपृष्ठ, कुठून मिळाले, कपाट, खण, वाळवी, डाग आणि हानी. बेंगळुरात यशवंतपूरच्या एका कारखान्यात मी भांडार सांभाळते. तिथे बेअरिंगची नोंद ठेवते तशीच घरी जुन्या भुताखेतांच्या आणि जादूटोण्याच्या मासिकांची ठेवते. शिस्त तीच. फरक इतकाच, की बेअरिंग हातात घेतल्यावर माझ्या अंगावर काटा येत नाही. हिरव्या चेहऱ्याची बाई, कवटीतून निघणारा धूर, छपाईत ओठांबाहेर सरकलेला लाल रंग. इतक्या स्वस्त कागदावर इतकी भीती कुणी आणि कशी बसवली, याचे मला अजून नवल वाटते.

एका मासिकाचे एकाच वर्षाचे अकरा अंक मला जयनगरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकगठ्ठा मिळाले होते. अकराही अंकांच्या हानीच्या रकान्यात एकच नोंद होती: 'मधली चार पाने कापलेली.' नेमकी क्रमशः कादंबरीचीच पाने. कापणाराने मधल्या घडीजवळ बोटभर पट्टी ठेवली होती आणि त्या पट्टीवर ओळींची पहिली अक्षरे उरली होती. दि. ती. खि. पु. बारावा अंक पुढे बेळगावहून आला, तो मात्र अखंड. त्यामुळे कितीतरी वर्षे मला त्या गोष्टीचा फक्त शेवट ठाऊक होता. टेकडीवरच्या बंद बंगल्यात दर महिन्याला एक खिडकी आपोआप उजळते, हे त्या शेवटावरून कळत होते, बाकी काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगत होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी डबा बंद करत म्हणाला, "खिडक्यांची गोष्ट? ती आमच्या आत्याकडे आहे. शिवलेली."

त्याचे घराणे कित्येक पिढ्या बेंगळुरातले. आत्या येलहंक्याच्या जुन्या गावात राहते, ऐंशी ओलांडलेली, सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. पुढच्या रविवारी मी गेले. अक्कांनी गोधडीच्या दोऱ्याने शिवलेले, जुन्या खणाच्या कापडात बांधलेले बाड माझ्या मांडीवर ठेवले.

"पुण्याहून मासिक यायचं. गोष्ट कापून शिवायची, उरलेलं रद्दीला. सगळ्याच बायका करायच्या तसं. मग दुपारी कट्ट्यावर वाचायचं. पाचजणी असायच्या, त्यातल्या तिघींना मराठी येत नव्हतं. त्यांना मी कन्नडात सांगायची."

"उरलेलं रद्दीला," मी म्हणाले. "आणि मी तेच रद्दीतलं विकत घेतलं."

"मग तू वेडीच." त्या हसल्या. मग हसू थांबले. "बारावा अंक आलाच नाही. पोस्टात कुठं गेला कोण जाणे. तुझ्याकडे आहे म्हणतोस तो शेवट, तो मला ऐकायचा आहे. बाकी काही नको."

त्यांच्या बोलण्यात शब्दांची लिंगे कन्नडमध्ये वाढलेल्या माणसासारखी इकडची तिकडे व्हायची. मी पुढच्या रविवारी अंक आणायचे कबूल केले. त्यांनी बाड माझ्या पिशवीत घातले. "ने, वाच. पण परत आण. सरी? ठीक?"

घरी आल्यावर मी जे केले, ते यादी ठेवणारे माणूसच करू शकते. बाड वाचले नाही. आधी ताडून पाहायला बसले. त्यासाठी पाने सुटी हवी होती, म्हणून टोकाची गाठ कात्रीने कापली आणि दोरा ओढून काढला. पहिल्या प्रकरणाचे पान जानेवारीच्या अंकातल्या पट्टीला टेकवले. पट्टीवरचा 'दि' आणि पानावरचा 'वा' जुळून दिवा झाला. खाली 'खि'ला 'डकी' मिळाली. चित्रातल्या झाडाचे खोड पट्टीवर होते, फांद्या पानावर. कापताना हात जिथे थरथरला होता, तिथला वळसासुद्धा बसला. त्याच बाईने कापलेली, त्याच अंकांची पाने. शहराच्या दोन टोकांना इतकी वर्षे पडून होती. मी अकराही अंक जमिनीवर मांडले. अकराही जुळले.

आता पाने अंकांत चिकटवायला डिंकाची बाटली शोधायची, एवढेच उरले होते. तेवढ्यात बाडाच्या तळाशी, दोरा निघाल्यामुळे उघडी पडलेली, चार वेगळी पाने दिसली. वहीची, रेघांची, जांभळट शाईतली. वर लिहिले होते: भाग बारावा.

मी ती उभ्यानेच वाचली. मुलगी कंदील घेऊन बंगल्यात शिरते. एकेक उजळलेली खोली रिकामी. शेवटच्या खिडकीपाशी ती बाहेर बघते. समोर तिचे स्वतःचे घर आहे आणि तिथल्या खिडकीत ती स्वतःच उभी राहून बंगल्यातले दिवे मोजते आहे.

बस, इतकेच. दुपारचे तीन वाजले होते. मी जाऊन पडदा ओढून घेतला. माझ्याकडच्या छापील शेवटात बंगल्याच्या मालकाचा एक पुतण्या निघतो, त्याने इस्टेटीसाठी तारा ओढून दिवे लावलेले असतात. चारशेहून जास्त अंक माझ्या कपाटांत आहेत. त्यांतल्या एकानेही मला पडदा ओढायला लावले नव्हते.

रविवारी मी सुटी पाने, दोरा आणि बारावा अंक घेऊन गेले. आधी चूक सांगितली.

"सोडलंस?" अक्का म्हणाल्या. "म्हणजे ते पण वाचलंस."

"वाचलं."

डोक्यावरून हवाई दलाचे विमान गेले, आवाज विरेपर्यंत त्या थांबल्या. "पाचजणी रोज विचारायच्या, अंक आला का. एक दिवस म्हटलं, आला. ह्या वहीच्या पानांतून वाचल्यासारखं करून सांगितलं. शेजारीण होती ना, तिनं मरेपर्यंत पश्चिमेची खिडकी उघडली नाही. मी हसायची. सांगायला पाहिजे होतं, की अगं, हे मी केलेलं आहे. राहून गेलं. आता वाच, खरं काय होतं ते."

मी वाचले.

"पुतण्या?"

"पुतण्या."

"तारा लावून?" त्यांनी डोळे मिटले. खांदे हलू लागले, तेव्हा मी घाबरले. पण त्या हसत होत्या. "ह्याच्यासाठी मी एवढी वर्षं जिवाला लावून घेतलं. स्वल्प पाणी दे गं."

पाणी पिऊन त्यांनी सुई मागितली. मी म्हणाले, छापील शेवटाची पाने हवी तर अंकातून कापून देते. हे वाक्य मी कसे उच्चारले, मला माहीत नाही. माझ्या घरात अंकाजवळ ब्लेड नेलेले मला चालत नाही.

"नको. तो पुतण्या तुझ्याकडेच असू दे. माझंच शिवू. फक्त वर लिही, हा भाग छापून आलेला नाही, घरी लिहिलेला आहे. तेवढं लिहून ठेवलं, की झालं."

मी लिहिले. त्यांनी अक्षर जवळ धरून तपासले आणि मान हलवली. सुईत दोरा मी ओवला, टाके त्यांनी घातले, जुन्याच भोकांतून.

माझे अकरा अंक तसेच आहेत, पोकळ. हानीच्या रकान्यातली नोंद खोडली नाही, पुढे वाढवली: 'पाने येलहंक्यात, सुस्थितीत.' आणि सगळ्यात खाली एक ओळ नवीन घातली. मासिक: नाही. महिना: नाही. प्रती: एक. मुखपृष्ठ: खणाचे कापड. हानी: दोरा मी कापला होता.