वळणाच्या धुऱ्यावर बसलेली मावशी

पांढरकवड्याच्या गाडीवेड्यांनो, आपल्याला कोणी मैदान दिलं नाही, म्हणून आपण शर्यतीचा लंबगोल ट्रॅक स्वतः बांधला. वेगातली गाडी टिकावी म्हणून वळणाची बाहेरची कड शेताच्या बांधासारखी, धुऱ्यासारखी उंच केली. अशा कडेला भिंत आणि जाळी लागतेच. ती आपण बांधलीच नाही.

आज सरावात एक गाडी घसरली आणि त्या कडेवर बसलेल्या माझ्या मावशीच्या पायाशी थांबली.

"मावशे, इथं कायले बसली?"

"शंकरपटाले आमी धुऱ्यावरच बसतो. बैलाले भेली नाही, तुह्या डब्ब्याले भेऊ?"

शंकरपटाच्या शर्यतीत बैल सरळ धावतात. गाडी वळणावर बाहेर फेकली जाते. रविवारच्या शर्यतीला तिथंच सारं गाव बसेल.

भिंत होईस्तोवर मी शर्यत सुरू करायचा झेंडा दाखवणार नाही. उद्या सकाळी प्रत्येकाने भिंतीसाठी ट्रकचा एक जुना टायर घेऊन वळणावर यावं.