देवीच्या कपाळावरचं बटण

समस्त जनांस, विशेषतः पडद्यावर कोणतं बटण कुठे ठेवावं याचा मोठ्या शहरांत बसून विचार करणाऱ्या विद्वानांस, मी पूर्ण गांभीर्याने आणि डोक्यावरची टोपी काढून कळवतो की या विषयातला एक थोर शोध गोंदियातल्या एका राईस मिलच्या ओसरीत लागलेला आहे. शोध लागला तेव्हा शोधकर्ता, म्हणजे मी, धानाच्या पोत्यांच्या थप्पीमागे उकिडवा बसला होता आणि त्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

मूळचा मी पेंटर. १९९९ साली त्या मिलच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मी एक देवी रंगवली. माझं पहिलं मोठं काम. दहा फूट उंच, एका हातात धानाची लोंबी, दुसऱ्या हातातून तांदूळ ओघळतोय, कपाळावर पुरीएवढं कुंकू. मिलच्या शेठना ती इतकी आवडली की त्यांनी तीच देवी तांदळाच्या पोत्यांवर छापून घेतली. पुढची दहा वर्षं ती घरोघरी जात राहिली. पोतं रिकामं झालं की लोक त्याचं काहीही करत, पण आधी कात्रीने देवी कापून घेत. शेजारच्या कुडव्यात एका घरी मला ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेली दिसली, समोर उदबत्ती. मी चहा घेतला आणि उठलो. हे चित्र मी काढलंय, असं सांगायची छाती झाली नाही. चित्र माझं होतं, देवी त्यांची होती.

मग फ्लेक्स आलं. एका वर्षात गावातले ब्रश वाळले. मी नाक मुठीत धरून संगणक शिकलो आणि दोन हजार दहाच्या मागेपुढे लग्नपत्रिका, लेबलं, बिलबुकं करून देणारा ‘डिझायनर’ झालो. शेठ मात्र मला पेंटरच म्हणायचे.

त्याच सुमारास शेठनी नागपुरातून एक मशीन आणलं. मिलमध्ये भरडाईचे दिवस आले की मुनीमजींच्या खिडकीपुढे धान घेऊन आलेल्यांची झुंबड उडायची, माझा नंबर आधी की तुझा, यावरून बाचाबाची व्हायची. आता पत्र्याच्या पेटीत बसवलेल्या पडद्याला बोट लावायचं, पोती किती ते सांगायचं, की खालून टोकन बाहेर येणार. मशीनबरोबर पडद्याची मांडणी करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, आणि चित्रापुरतं शेठनी मला बोलावलं होतं. तरुण, शांत, आपल्या कामात पक्क्या. त्यांनी साधा पांढरा पडदा आणि हिरवी बटणं सुचवली. मी म्हटलं, छे! पडद्यावर देवीच हवी. लोक तिला ओळखतात, मशीनला ओळखत नाहीत.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “पण बटण कुठे ठेवणार?”

इथे माझ्या प्रतिभेला भरतं आलं. गोल, लाल, ठसठशीत, चित्राच्या वरच्या भागात बरोब्बर मधोमध जे आधीच होतं, तेच! देवीच्या कपाळावरचं कुंकू. तिथे बोट लावलं की पडदा उघडणार. ब्रँडही तोच, बटणही तेच. मी स्वतःची पाठ थोपटायला हात मागे नेला होता, तो पोचला नाही म्हणून राहिलं.

मशीन सुरू झालं आणि चार दिवस एकाही माणसाने टोकन काढलं नाही. रांग खिडकीपुढेच. शुक्रवारी शेठनी बोलावलं.

“पेंटर, ये मशीन है या मंदिर?”

मी पाहिलं. पेटीवर झेंडूची चार फुलं होती आणि कुणीतरी नारळही ठेवला होता.

“लोगों को समय लगता है शेठ.”

“सोमवार को देखूंगा. नहीं चला तो मॅडमवाला हरा गोला लगेगा. पडदे पे भी, बोरे पे भी. और दीवार पे भी, चुना मारके.”

हिरवा गोल म्हणजे बाईंनी काढून ठेवलेलं नवीन चिन्ह, आत एक पान. वाईट नव्हतं. पण भिंतीवर चुना! पावसाळ्यानंतर दरवर्षी मी न बोलावता जाऊन तिचे डोळे पुन्हा काळे करून येत असे. ती गेली असती तर माझ्या हाताचं या गावात काहीच उरलं नसतं. बाईंना राग नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, “लोक चित्र बघतात आणि निघून जातात. तुम्ही एकदा बसून बघा, ते नेमकं काय करतात.”

म्हणून शनिवारी सकाळपासून मी थप्पीमागे.

पहिला माणूस आला. पेटीपासून चार हात लांब त्याने चपला काढल्या. पुढे आला, दोन्ही हातांची बोटं पडद्याच्या खालच्या कडेला लावली, मग स्वतःच्या कपाळाला लावली. खिडकीकडे गेला. दुसरा आला. चपला, बोटं, कपाळ, खिडकी. तिसरीने पदर डोक्यावर घेतला आणि तेच केलं. मी मोजायला लागलो आणि मोजणं सोडून दिलं. सगळे मशीनला हात लावत होते! एकही माणूस बिचकत नव्हता. फक्त देवीच्या कपाळाच्या वाटेला कोणी जात नव्हतं.

राहवेना म्हणून मी बाहेर आलो आणि एका मावशींना अडवलं. “मावशी, तिथं लिहिलंय ना, कुंकवाला हात लावा म्हणून. काऊन नाही लावला?”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “देवीच्या कपाळात बोट खुपसाले मी का तिची सासू आहो?”

रांगेतली माणसं खो खो हसली. मीही हसलो, आणि हसता हसता पडद्याच्या खालच्या कडेकडे पाहिलं. दहा वर्षं पोत्यांवरून, भिंतीवरून, स्वयंपाकघरातून या देवीने हजारो हातांना एक जागा शिकवून ठेवली होती. या माणसांना पडदा वापरता येत होता. माझ्या आधीपासून येत होता. जगातल्या कुठल्याही पडद्यावर, न सांगता, न समजावता, प्रत्येक माणसाचं बोट एकाच ठिकाणी जात असेल का? इथे जात होतं. आणि त्या ठिकाणी मी काहीच ठेवलं नव्हतं. तांदूळ ओघळून जिथे साचतो, त्या दोन पावलांपाशी.

बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी लगेच निघते.”

रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून कुंकू पुन्हा नुसतं कुंकू केलं आणि पावलं जागी केली. बाईंनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली: पाया पडल्याबरोबर टोकन निघू देऊ नका, जाणारा-येणारा प्रत्येकजण नंबर घेऊन जाईल. म्हणून पावलांना हात लागला की दुसरा पडदा उघडणार. त्यावर निवडायला चित्रं, एक पोतं, बैलगाडीभर पोती, ट्रॅक्टरभर पोती, आणि नुसत्याच पाया पडणाऱ्याने काही दाबलं नाही, तर घटकाभराने देवी परत. ‘कृपया पोत्यांची संख्या निवडा’ असं वर लिहिलेलं होतं. बाई म्हणाल्या, “असं तुमच्याकडे कोण बोलतं?” मी ते खोडून ‘किती पोते आणले?’ केलं. अक्षरं मोठी, लाल, देवीच्या साडीच्या काठाच्या रंगाची.

सोमवारी सकाळी शेठ खुर्ची टाकून बसले. चुन्याची बादली मुद्दाम समोर. बाई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

पहिले आले ते कामठ्याकडचे एक वयस्क शेतकरी. पांढरं धोतर, ताठ कणा. मिलमध्ये सगळे त्यांना ओळखायचे ते न बोलण्यावरून. दरवर्षी यायचे, बोटांनीच आकडा दाखवायचे आणि धान उतरवायचे. त्यांनी चपला काढल्या, वाकले, दोन्ही हात पावलांना लावले. देवी नाहीशी झाली आणि मोठी लाल अक्षरं आली. ते वाकलेलेच राहिले. मान तेवढी वर केली, ओठ हलवत वाचलं, मग मागे रांगेकडे वळून, सगळी ओसरी दणाणेल अशा आवाजात ओरडले:

“अरे बाप्पा, पाय त सोडू दे माय! आल्या आल्या विचारून रायली, किती पोते आनले!”