तीस आणि चाळीसच्या मधे

हिंगणघाटकडून ती हिरवी गाडी आली तेव्हा मी जामच्या चौकातल्या गॅरेजात एका ट्रकखाली पडलो होतो. दोनच माणसांची, वरून उघडी, इंग्रजी बनावटीची ती शर्यतीची गाडी. जिल्ह्यात तशी दुसरी मी पाहिली नाही. ती एका डॉक्टरीणबाईंची होती. त्या गाडीतून त्या खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत फिरायच्या. आठ दिवसांपूर्वी मीच तिचे दोन्ही कार्बोरेटर खोलून धुऊन दिले होते.

बाई उतरल्या आणि दार उघडंच टाकून आत आल्या. ओठ पांढरे पडले होते.

“मेलेच असते आज,” त्या मिस्त्रींना म्हणाल्या. मिस्त्री म्हणजे गॅरेजचे मालक, माझे गुरू. “ट्रकच्या पुढे काढत होते. समोरून कापसाची बैलबंडी आली. जोर दिला, तर गाडीनं दमच तोडला. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले.”

“हळू चालते तवा कशी राह्यते बाई?” मी विचारलं.

“बरी चालते. चाळीसच्या वर गेली की मग बाणासारखी. तीस ते चाळीसच्या मधेच गचके खाते. आणि मला आत्ता आठ मैल पुढे जायचंय. सकाळपासून एक पोर अडली आहे तिथं.”

त्या खुर्चीवर बसल्या, पण टेकल्या नाहीत. दर दोन मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ बघत होत्या.

मिस्त्री म्हणाले, “पेट्रोलमंदी राकेल असन.” मी पेट्रोल काढून वास घेतला, बोटावर चोळून पाहिलं. चोख होतं. प्लग काढले, घासून बसवले. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पाहिले. सगळं जागच्या जागी. गाडी उभ्या उभ्या सुरू केली तर आवाज मांजरासारखा. एकदम रेस दिली तरी तक्रार नाही. फक्त हळूहळू वाढवत नेली की मधे कुठेतरी एक ठेच लागायची. छातीत लागावी तशी ती मला लागत होती.

एकच गोष्ट राहिली होती, आणि तिथं हात घालायला मी भीत होतो.

त्या कार्बोरेटरमध्ये वरच्या टोपणाच्या आत एक दट्ट्या असतो. इंजिन हवा ओढेल तसा तो वर चढतो, सोडला की आपल्या वजनानं खाली पडतो. मी पुढच्याचा दट्ट्या बोटानं उचलून सोडला. खाली येताना तो अर्ध्यावर अडकला. मागच्याचाही तसाच. हळू चालताना दट्ट्या खालीच असतो, म्हणून काही कळत नव्हतं. जोरात गाडी त्याला ओढून वर नेत होती. मधल्या वाटेवर मात्र तो टोपणाच्या भिंतीला घासत होता.

मला घाम फुटला. प्रत्येक दट्ट्याचं टोपण त्याच्याच मापाचं असतं, याचं त्याला चालत नाही. धुताना दोन्ही वेगवेगळे ठेवजो, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. त्या दिवशी घाईत मी सगळं एकाच घमेल्यात टाकलं होतं.

याचं टोपण त्याला, त्याचं याला बसवलं. दट्ट्या सोडला, टक्‌. दुसरा सोडला, टक्‌. मिस्त्री पाठीशी उभे होते. त्यांना सगळं समजलं.

“कचरा निघाला म्हनजो,” ते कानात पुटपुटले. “बाकी काई बोलू नोको.”

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. आम्ही बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या वस्तीतून इंजिनाला हात लावणारा मी पहिला. मला कामावर घेतलं तेव्हा दोन गिऱ्हाइकं मिस्त्रींना सोडून गेली होती. माझी चूक माझ्या एकट्याची राहणार नव्हती.

“झाली?” बाईंनी विचारलं.

“झाली जी.”

“मग तू बस शेजारी. बंद पडली तर तिथंच दुरुस्त करायची.”

नागपूरच्या सडकेला लागलो. तिसाच्या पुढे काटा सरकला तसा मी श्वास धरला. पुढे एक लाकडांचा ट्रक धूळ उडवत चालला होता. बाईंनी भोंगा वाजवला, गाडी बाहेर काढली. समोरून दूरवर एक बस येत होती. मला वाटलं, थांबतील. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी पाय दाबला आणि मी डोळे मिटले. पस्तीस, अडतीस असेल. इंजिन एकदाही अडखळलं नाही. डोळे उघडले तेव्हा ट्रक मागे होता आणि बाईंच्या कपाळावर घाम होता.

“काय झालं होतं तिला?” त्यांनी समोर बघतच विचारलं.

“बाई, माह्यीच चूक होती. धुतल्यावर एकाचं टोपन दुसऱ्याले बसवलं म्या.”

त्यांनी गाडीचा वेग कमी केला नाही. गाव आलं तशी एका घरापुढं गाडी उभी केली. पेटी उचलून तशाच आत गेल्या.

मी चिंचेखाली बसलो. आतून किंचाळ्या येत होत्या, मधेच बंद पडत होत्या. बंद पडल्या की जास्त भीती वाटायची. माझ्या घमेल्यामुळे बाई रस्त्यातच राहिल्या असत्या तर, हे पुन्हा पुन्हा मनात येत होतं. उन्हं कलल्यावर बाई बाहेर आल्या, हात धुतले.

“मुलगी झाली. आई पण ठीक आहे.” मग माझ्याकडे बघून, “मिस्त्रींना माहीत होतं?”

मी मान खाली घातली.

“सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं,” त्या म्हणाल्या. “पण माझा राग गेलेला नाही. तो काही इतक्यात जायचा नाही.”

जामला परतल्यावर त्यांनी मिस्त्रींना बाजूला नेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी दोन महिने मला नुसते ट्रकचे टायर काढायला लावले. “काऊन बोलला बे?” एवढंच एकदा विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

त्यानंतर हिरवी गाडी आली की बाई माझ्याच हातून काम करून घ्यायच्या. पण कार्बोरेटर खोलला की खुर्ची सोडून येऊन उभ्या राहायच्या, भर उन्हात, शेवटचं टोपण बसेपर्यंत.