दाण्यांच्या भट्टीवरची बाई

शेंगदाणे भाजण्याच्या कारखान्यात ती अकरा वर्षं भट्टीवर होती. दाणा किती भाजलाय ते तिला नुसत्या तडतडण्यावरून कळायचं. सगळे तिला भट्टीवालीच म्हणत. दाण्यांची बारीक पूड तिच्या केसांत, बाह्यांत, नखांत बसलेली असायची. घरी आली की तशीच ती लेकीला उचलून घ्यायची. लेक जन्मापासून इसबाने बेजार होती. गाल, कोपरं, गुडघ्यांमागची कातडी कायम लालभडक.

तेव्हा दवाखान्यात बजावलं होतं, तीन वर्षांची होईपर्यंत दाणा तोंडात घालू नका. तिने ते काटेकोर पाळलं. तीन वर्षं भरली तेव्हा सासूने अर्धा दाणा कुटून भरवला. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. भट्टीवालीने तिला खांद्यावर टाकलं आणि पळत दवाखाना गाठला. मांडीत इंजेक्शन दिल्यावर पोर रडली. आई रडली नाही. आत काहीतरी बधिर झालं, ते तसंच राहिलं.

"दाणा कधी दिलाच नव्हता," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"तोंडातून नव्हता. इसबाच्या भेगांतून पूड गेली असेल. लहान मुलांचं शरीर आपलं कोण, परकं कोण, हे शिकत असतं. पोटातून आलेलं बहुधा ते आपलं मानतं. फाटक्या कातडीतून आलेल्यावर उलटू शकतं."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तसं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. आणि थांबा म्हणून आम्हीच सांगितलं होतं. आता बाळांना लवकर द्या म्हणतो."

तिने मान हलवली. आठवड्याभरात भट्टी सोडून ती शर्टांना बटणं लावायच्या कामाला लागली. सासू "माझ्या हातून झालं" म्हणत राहायची. ती "असू द्या, आई" म्हणून सुईत दोरा ओवायची.

दोन वर्षांनी धाकटी झाली. तिलाही इसब. पाचव्या महिन्यात चाचणी करून डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातच पातळ वाटलेला दाणा तिला चाटवला. तासभर सगळे तिच्या गालांकडे बघत बसले. काहीच झालं नाही.

"आता आठवड्यातून तीनदा, न चुकता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आनंद व्हायला हवा, एवढं तिला कळलं. तिने चमचा धुऊन ठेवला.

मोठीला त्रास नको म्हणून धाकटीला ती शेजारणीकडे नेऊन भरवायची, हात-तोंड धुऊन परत आणायची.

"तिला तिथे काय देतेस?" मोठीने एकदा विचारलं.

"दाण्याचं चाटण."

"मला का नाही दिलंस?"

"तुझ्या वेळी कुणाला माहीत नव्हतं गं."

मोठीने "बरं" म्हटलं आणि बुटाची नाडी बांधायला बसली.