सव्वा तासाचा भाऊ

गोव्यातल्या चोपड्याच्या बाबलीला अंतर कधी किलोमीटरात कळलंच नाही. अर्धा जन्म शापोरा नदीच्या फेरीबोटीवर दोर टाकण्यात गेला. पलीकडचं शिवोली हाकेच्या अंतरावर. पण फेरी पलीकडे असली की तेच शिवोली परदेशात जायचं. पुढे पूल झाला, फेरी गेली. वाट बघायची सवय मात्र बाबलीकडेच राहिली, आणि आता फेरीऐवजी तो वाट बघायचा धाकट्या भावाची, मुंबईच्या कृष्णनाथाची.

कृष्णनाथ एसटीने यायचा तेव्हा रात्रभर हाडं खिळखिळी करून घेऊन चवथीच्या दोन दिवस आधी दारात हजर. बाबलीची कंबर धरलेली, म्हणून माटोळी बांधायचं काम त्याचं. गणपतीवर टांगलेली ती लाकडी चौकट सुपारीच्या घडांनी, तवशाच्या मोठ्या काकड्यांनी, रानफळांनी अशी भरायची की लाकूड दिसायचं नाही.

मग जवळच मोपाला विमानतळ झाला.

“दादा, आता सव्वा तास!” कृष्णनाथ फोनवर ओरडला.

बाबली गावभर सांगत सुटला. बायको सत्यवती तेवढी म्हणाली, “सव्वा तासात माझां पाच भाज्यांचां खतखतां शिजना, आणि हो मुंबैसून येतलो!”

पहिल्या वर्षी भाऊ चवथीच्या आदल्या संध्याकाळी आला. दुसऱ्या वर्षी चवथीच्याच सकाळी. दुसऱ्या दिवशी परत. “सव्वा तास तर आसा, कधीय येवंक जाता,” म्हणायचा. कधीही येता येतं म्हणून मधे कधीच आला नाही.

यंदा चवथीची दुपार कलली तरी पत्ता नाही. भटजी पूजा उरकून पुढच्या घरी गेले. माटोळीला बाजारातलं एक तवसं आणि दोन नारळ. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं राहिलेलं, आणि भावाशिवाय ते घालायचं नाही हा बापापासूनचा नेम. पडवीतल्या कदेलावर, जुन्या खुर्चीवर, बसून बाबलीने फोन लावला.

“खंय पावलंस?”

“मुंबैच्या विमानतळार बसलंय, दादा. विमान उशिरा आसा.”

“विमानात बसलंस?”

“नाय रे, कदेलार.”

“मगे हय येवन बस! आमच्याकडेय कदेल आसा.”

पानं वाढायची खोळंबली. शेजारी जांभया देऊ लागले. शेवटी दिवेलागणीला बाबली उठला, देवापुढे उभा राहिला.

“बा गणराया म्हाराजा! आज वर्षाचो मान तुका दिलेलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

अंगणात गाडी थांबली. बॅगेची चाकं खडखडत पडवीपर्यंत आली. बाबलीने ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.

“आणि हो माझो भाव पुढल्या वर्षी चवथीच्या दोन दिस आदी, एसटीतसून, माटोळी बांधूक येव दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज कृष्णनाथाचा. धापा टाकत, हात जोडून, लहानपणापासूनच्या सवयीने. गाऱ्हाण्यात तोंड आधी बोलतं, कान मागाहून येतात.

सत्यवतीने पदर तोंडाला लावला.

“दादा, मी आत्ताच इलंय, माका नीट आयकाक...”

“देवान आयकलां.”

कृष्णनाथाने मान वर केली. माटोळीच्या उघड्या चौकटीकडे बघितलं. देवापुढे दिलेला ‘व्हय’ परत घेता येत नाही, हे मुंबईत राहूनही तो विसरला नव्हता.

“एसटी अजून रातचीच सुटता?”

“रातचीच,” बाबली म्हणाला. “जनेलाकडची जागा घे. कंबर मोडली तरी वारो गावतलो.”