माय, मी आणि विहिरीतली किल्ली

आमच्या मायने आयुष्यात एकच कॉम्प्युटर गेम खेळला, आणि तोही माउसला हात न लावता.

वीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या अनसिंग गावातल्या घरी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला होता. त्यावर एकच गेम धड चालायचा. लांब नाकाचा एक बावळट हीरो हवेलीत अडकलेला. दिसेल त्या वस्तूवर क्लिक करून ती उचलायची, एकीला दुसरी जोडायची आणि त्याला बाहेर काढायचं. माय मागे बसून तुरीच्या शेंगा सोलायची आणि त्याला झापायची. "उचल नं रे ते दोरी, कामी येते." चुकीची वस्तू वापरली की हीरो काहीतरी तिरकस बोलायचा, मी ते मराठीत सांगायचो आणि माय पदर तोंडाला लावून हसायची. त्या खेळात हीरो मरत नसे. कितीही येडेपणा करा, पुन्हा करून बघता येई. तसं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही.

यंदा तोच गेम लॅपटॉपवर सापडला. आठवडाभर आम्ही मायलेक हवेलीत मुक्कामाला होतो (माझी बायको मंदा शेतात होती).

त्यातच मिरचीची रोपं लावून झाली. पाणी त्याच दिवशी हवं होतं, नाहीतर रोपं उन्हात माना टाकणार. मोटरीची विजेची लाईन तीनला जायची. जेवण उरकून मी आणि माय दोनला शेतात पोचलो. ऐटीत किल्ली बोटाभोवती फिरवत मी मोटरच्या खोलीकडे निघालो, आणि किल्ली विहिरीत!

मी काठावर पालथा पडून आत डोकावलो. मायचे डोळे मात्र चमकले.

"काय काय हाय आपल्याजवळ?" ती म्हणाली.

तिच्या पिशवीतून दावं, मोडकी छत्री आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक निघालं (माय काहीच फेकत नाही). दाव्याला चुंबक बांधून विहिरीत सोडलं. ते मोटरीच्या लोखंडी पाइपाला असं चिकटलं, की सुटेना.

"छत्रीच्या दांडीनं ओढ."

छत्री गेली.

"बादली सोड आता."

काठावरच्या बादलीच्या दोराची गाठ मी मारली होती. बादलीही गेली. तोवर अडीच वाजून गेले होते, आणि किल्ली पितळेची आहे हे मला तेव्हा आठवलं.

"मंग कोंबडीच्या खुराड्याची जाळी आणतं का?" मायचा उत्साह कायम होता.

तेवढ्यात मंदा आपला डबा घेऊन रोपांकडून आली. "काय करून राह्यले तुमी दोघं? मोटर काहून नाही लावली?"

"किल्ली पडली विहिरीत."

ती दाराशी गेली. कडीतलं कुलूप तिने नुसतं उचलून काढलं. किल्ली हरवायच्या भीतीने आमच्याकडे शेतातलं कुलूप कोणी दाबतच नाही, फक्त अडकवून ठेवतात. काल संध्याकाळी ते मीच अडकवलं होतं.

"आत्याबाई, आधी दाराले तरी हात लावाचा नं," मंदा सासूला म्हणाली.

"मी कुठं, हाच करे सारं," मायने बाजू बदलली.

मोटर लागली. हौदात गुडघाभर पाणी पडलं न पडलं तोच लाईन गेली. सगळी रोपं कोरडी, बादली विहिरीत.

मंदाने डब्यातल्या भाकरी मायच्या पदरात ओतल्या, रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, "घ्या, आता एकेका रोपावर क्लिक करा."

दिवस मावळेपर्यंत मी क्लिक करत होतो.